समुपदेशक हवा, नुसता फलक नको!



२०२३ या एका वर्षात आपल्या देशात १३,८९२ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. हा आकडा कोणा संघटनेच्या पत्रकातला नाही, केंद्र सरकारच्याच राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आहे. आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, हाच आकडा १३,०४४ होता आणि त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. एकट्या महाराष्ट्रातली मुले १,७६४. हिशेब मांडला तर २०२३ मध्ये देशात रोज सरासरी अडतीस मुले-मुली गेली.

एखाद्या रेल्वे अपघातात अडतीस माणसे दगावली तर काय होते हे आपल्याला कोणी सांगायला नको. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी बसते, पॉइंट्समनपासून स्टेशन मास्तरपर्यंत सर्वांचे जबाब होतात, पार्लमेंटात मंत्र्यांचा राजीनामा मागितला जातो, आणि काही नाही तर दोन-चार गरीब कर्मचारी निलंबित तरी होतातच. इथे रोज अडतीस गेली तरी कोणाचा जबाब होत नाही. उलट गेलेल्या पोरावरच ठपका ठेवून फाइल बंद होते : "मनाने कच्चा होता."

हा ठपका आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. अपघात झाला की 'मानवी चूक' म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. माणूस सलग किती रात्री ड्यूटीवर होता, किती जागा रिकाम्या होत्या, सामान किती जुने होते, हे अहवालाच्या मागच्या पानावर जाते. पोरांच्या बाबतीत नेमके तेच चालले आहे. वर्गात सत्तर मुले कोंबलेली, भाषा परकी, बाप रात्रपाळीला, आई दोन घरची कामे करणारी, डोक्यावर परीक्षा आणि परीक्षेच्या पलीकडे नोकरीचा पत्ता नाही, हे सगळे मागच्या पानावर. पुढच्या पानावर एकच ओळ, 'मनाने कच्चा'.

म्हणून या लेखात एकच गोष्ट ठासून मांडायची आहे. शाळेत कायम पदावरचा, पगारी, प्रशिक्षित समुपदेशक आणि वस्तीत त्याच्या पाठीशी उभी असलेली सरकारी आरोग्यसेवा हा कामगाराच्या मुलाचा हक्क आहे. भिंतीवरचा फलक, वर्षातून एकदा होणारे व्याख्यान आणि योगदिनाचा फोटो यांवर त्या हक्काची बोळवण होऊ देता कामा नये.

युनियनने यात का पडावे?

काही जुने सभासद विचारतात, "सेक्रेटरीसाहेब, हे काम डॉक्टरांचे आणि मास्तरांचे. युनियनने पगार, बढती, बदली बघावी." प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो.

घरातून पळालेले मूल पहिल्यांदा कुठे येते? फलाटावर. परीक्षेच्या निकालाच्या दिवसांत, घरी मार बसल्यावर, शाळेत अपमान झाल्यावर पोर येऊन बसते ते आपल्या वेटिंग हॉलमध्ये. २०१८ पासून २०२४ च्या मेपर्यंत रेल्वे सुरक्षा दलाने स्टेशनांवर आणि गाड्यांत सापडलेली ८४ हजारांहून अधिक मुले ताब्यात घेऊन सुखरूप पोहोचवली, ही सरकारी माहिती आहे. या मुलांना आधी कोणी पाहिले असेल? तिकीट तपासनीसाने, हमालाने, सफाई कामगाराने, चहावाल्याने. म्हणजे हा प्रश्न आपल्या कामाच्या जागेवर रोज येऊन उभा राहतो. आणि रुळांवर ज्या दुर्घटना होतात त्यांचे ओझे पुढची कित्येक वर्षे मनावर वाहणारा लोको पायलट आणि गँगमन हा आपलाच भाऊ आहे. त्याला हे जास्त सांगायची गरज नाही.

पोस्टमन बांधवांचेही तसेच. घरोघरी भरतीची कॉल लेटरे, निकालाची पाकिटे, बँकेच्या नोटिसा त्यांनीच पोहोचवल्या. कोणत्या घरात पत्र घेताना हात थरथरतो हे पोस्टमनइतके कोणाला कळत नाही.

शिवाय ही मुले आपलीच आहेत. रेल्वे आणि टपाल खात्यातल्या कामगाराची मुले म्हणजे बदलीची मुले आणि शिफ्टची मुले. एवढे कारण युनियनला पुरे आहे.

मंडी मोहल्ल्यातून दिसणारे चित्र

म्हैसूर म्हटले की लोकांना राजवाडा आणि दसरा आठवतो. त्याच म्हैसुरात स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर मंडी मोहल्ला आहे. नावाप्रमाणे बाजाराची वस्ती. एका बाजूला सयाजीराव रोड. हे नाव बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे, हे आपल्या मराठी वाचकांना ठाऊक असावे. आत अरुंद गल्ल्या, दुकाने, गोदामे, माळ्यावरची भाड्याची घरे. एका गल्लीत कन्नड, दुसरीत दखनी उर्दू, तिसरीत तमिळ ऐकू येते आणि मधूनमधून मराठीही. क्वार्टर मिळाले नाही की आमचे सभासद अशाच वस्तीत खोली शोधतात.

आता बेळगावहून किंवा हुबळीहून बदली होऊन आलेल्या एखाद्या खलाशाचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. दक्षिण-पश्चिम रेल्वे २००३ मध्ये सुरू झाली तेव्हापासून हुबळी, बंगळूर आणि म्हैसूर हे तिन्ही विभाग एका झोनमध्ये आहेत, त्यामुळे अशा बदल्या होतात. बेळगावात हा मुलगा मराठी शाळेत होता. इथे त्याला आठवीत कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात बसावे लागते. पहिल्या चाचणीत तो नापास होतो. मास्तर म्हणतात 'मंद आहे', पोरे उच्चारावरून चिडवतात, बाप रात्रपाळीहून येऊन झोपलेला असतो. मुलगा दोन महिन्यांत गप्प होतो, जेवत नाही, पोट दुखते म्हणून शाळा बुडवतो. घरचे त्याला पोटाच्या डॉक्टरकडे नेतात. मनाचे दुखणे पोटावाटे बोलते हे त्या घराला कोण सांगणार?

हे सांगणारी माणसे या शहरात नाहीत काय? आहेत आणि पुष्कळ आहेत. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचा विभाग १९२४ मध्ये सुरू झाला. त्याआधी देशात फक्त कलकत्त्याला असा विभाग होता. त्याचे प्रमुख एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या घरातून आकाशवाणी नावाचे रेडिओ केंद्र चालवले होते. मोहल्ल्याला लागून कृष्णराजेंद्र हॉस्पिटल आहे, म्हैसूर मेडिकल कॉलेजचे मोठे सरकारी हॉस्पिटल. मानसगंगोत्रीला विद्यापीठ आहे, तिथेच अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. आणि बंगळूरची निम्हान्स, मनाच्या आजारांवरची देशातली सर्वांत नावाजलेली सरकारी संस्था, गाडीने जेमतेम १४० किलोमीटर.

म्हणजे या गावात शंभर वर्षे मानसशास्त्र शिकवले जात आहे. तरी ते ज्ञान मानसगंगोत्रीच्या टेकडीवरून तीन-चार किलोमीटर खाली उतरून मोहल्ल्यातल्या शाळेच्या वर्गात रोज सकाळी हजर होत नाही. कमी पडते आहे ते पद. मंजूर पद, त्यावरचा माणूस आणि त्या माणसाचा पगार.

बळ्ळारीचा धडा

सरकार म्हणते, "हे नवीन आहे, वेळ लागेल." हे खरे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा आहे, म्हणजे चाळीस वर्षांवरचा. त्यानंतर निम्हान्सने याच कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात १९८५ ते १९९० या काळात प्रयोग केला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साध्या डॉक्टरांना आणि आरोग्य सेवकांना मनाचे आजार ओळखायला शिकवले, मोजकी औषधे केंद्रावर ठेवली, जिल्ह्याच्या ठिकाणाहून देखरेख केली. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलची वारी न करता गावातल्या माणसाला उपचार मिळू शकतात हे सिद्ध झाले. त्या नमुन्यावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज तो ७६७ जिल्ह्यांत मंजूर आहे असे सरकार सांगते.

मंजूर आहे, मान्य. पण मंजुरी आणि हजेरी यांतला फरक रेल्वे कामगाराला शिकवायला नको. आपल्याकडेही मंजूर पदे हजारो असतात, हजेरीपटावर माणूस नसतो. निम्हान्सनेच २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला, आणि बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. देशात एक लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ किती? ०.७५. पूर्ण एक माणूससुद्धा नाही! चाळीस वर्षांच्या कार्यक्रमाचे हे फळ.

कर्नाटकात काही बरे कामही झाले आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. तालुका हॉस्पिटलांत ठरावीक मंगळवारी मनोचैतन्य कार्यक्रमाखाली मानसोपचारतज्ज्ञ बसतात. निम्हान्स आणि राज्याच्या युवा खात्याने 'युवा स्पंदन' नावाने जिल्ह्याजिल्ह्यांत तरुणांसाठी मार्गदर्शन केंद्रे काढली, वस्तीतल्याच तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन या कामाला लावले. ही दिशा बरोबर आहे. आमचे म्हणणे एवढेच की अशा योजना वर्षाच्या मंजुरीवर लटकत ठेवू नका आणि त्या शाळेच्या दारापर्यंत आणा.

"आमच्या वेळी असले काही नव्हते"

आता विरोधी बाजूचे मुद्दे घेऊ. पहिला मुद्दा तर आपल्याच कॅन्टीनमध्ये रोज ऐकू येतो. "आम्ही छड्या खाल्ल्या, उपाशी राहून शिकलो, आम्हाला कुठे समुपदेशक लागला? आताच्या पोरांचे लाड फार."

मित्रांनो, 'लाड' हा शब्द जपून वापरा. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे लढत होते तेव्हा मालकांच्या लेखी ती चैनच होती. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. आज तिला कोणी लाड म्हणत नाही. आठ तासांची ड्यूटी, प्रसूतीची रजा, पेन्शन, यांतल्या प्रत्येक गोष्टीला कोणीतरी लाड म्हटलेच होते.

दुसरे असे की विद्यार्थ्याला वर्गाबाहेर आधार देणे ही परदेशी फॅशन नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गावोगावच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली ती कशासाठी? भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली ती कशासाठी? मुलगा नुसता बुद्धीने शिकत नाही. त्याला पोटाला अन्न, डोक्यावर छप्पर आणि पाठीवर हात लागतो, हे त्यांना ठाऊक होते. त्या काळात पाठीवरचा हात वाड्यातल्या आजीचा, चाळीतल्या काकाचा, वार लावून जेवू घालणाऱ्या बाईचा असे. बदलीच्या गावी, भाड्याच्या खोलीत तो हात राहिला नाही. म्हणून आता शाळेने आणि सरकारने तो द्यायचा.

आणि परीक्षा तीच राहिली आहे काय? आमच्या पिढीतला माणूस दहावी पास होऊन रेल्वेत चिकटला. आज रेल्वेच्या लेव्हल-१ च्या, म्हणजे जुन्या ग्रुप-डीच्या, ३२,४३८ जागांसाठी २०२५ मध्ये १ कोटी ८ लाखांवर अर्ज आले. एका जागेमागे तीनशेहून अधिक! गँगमनच्या जागेसाठी पदवीधर रांगेत. मुलगा घाबरतो तो काही उगाच घाबरत नाही. त्याला आकडे कळतात.

नियमांत बदल केला की ओझे हलके होते याचेही दाखले आहेत. महाराष्ट्राने २०१५ पासून दहावीच्या नापास मुलांसाठी लगेच जुलैमध्ये पुरवणी परीक्षा सुरू केली, म्हणजे वर्ष वाया जात नाही. कर्नाटकाने २०२४ मध्ये दहावीला एका वर्षात तीन संधी दिल्या. एका दिवसाच्या पेपरवर आयुष्य टांगून ठेवण्याची गरज नाही हे सरकारांनी स्वतःच मान्य केले आहे.

"शिक्षकच करतील की!"

दुसरा मुद्दा प्रशासनाचा लाडका. नवीन पद कशाला, आहे त्या माणसावर टाका. आपल्या खात्यांत याला 'मल्टी-स्किलिंग' म्हणतात. शाळांत त्याचे नाव 'आरोग्यदूत'. २०२० मध्ये आयुष्मान भारतच्या शाळा आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना हे काम द्यायचे ठरले. शिक्षकांशी आमचे भांडण नाही. पण खिचडीचा हिशेब, मतदार याद्या, जनगणना, पोर्टलवरची माहिती यातून मास्तरांना श्वास घ्यायला वेळ नाही, आणि वर हे!

यावर नुसते तर्क करण्याची गरज नाही, पुरावा आहे. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'संगत' या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून अधिक माध्यमिक शाळांत प्रयोग केला. काही शाळांत वेगळा प्रशिक्षित समुपदेशक नेमला. तो डॉक्टर नव्हता, मानसोपचाराची पदवी असलेलाही नव्हता. शिकवून तयार केलेला साधा माणूस होता. काही शाळांत तेच काम तिथल्या शिक्षकाला दिले. काही शाळा नेहमीप्रमाणे चालू ठेवल्या. निष्कर्ष 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आले. जिथे वेगळा माणूस होता तिथे शाळेचे वातावरण सुधारले, मुलांमधली उदासी घटली, दादागिरी आणि मारामारी कमी झाली. जिथे शिक्षकावरच ओझे टाकले तिथे म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

यापेक्षा स्पष्ट काय हवे? काम वेगळे आहे, त्याला माणूस वेगळा लागतो. शिवाय मुलगा ज्याच्या हातात गुणपत्रिका आहे त्याच्यापाशी मन मोकळे करीत नाही. आपण तरी आपली अडचण सी.आर. लिहिणाऱ्या साहेबापाशी बोलतो काय?

या प्रयोगात आणखी एक आशा आहे. प्रत्येक शाळेला मोठी पदवी घेतलेला तज्ज्ञ मिळेपर्यंत थांबण्याची गरज नाही. वस्तीची भाषा बोलणारा, नीट शिकवून तयार केलेला, वरच्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करणारा तरुण किंवा तरुणी हे काम करू शकते. मंडी मोहल्ल्यात कन्नड, उर्दू आणि थोडी मराठी बोलणाऱ्या शिकलेल्या मुली घरी बसून आहेत. त्यांना हे काम द्या. पण पगारावर द्या, मानधनाच्या चिल्लरीवर नको.

कोर्टाचा निकाल आणि 'किंवा'

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर महत्त्वाचा निकाल दिला. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि संदीप मेहता यांच्या खंडपीठाने शाळा, कॉलेजे, कोचिंग क्लास आणि वसतिगृहे या सर्वांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घातल्या, आणि कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत असे सांगितले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजसेवक असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करावी. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. मदतीचे फोन नंबर मोठ्या अक्षरांत लावावेत.

निकाल स्वागतार्ह आहे. पण आपण युनियनची माणसे, सर्क्युलरमधला प्रत्येक शब्द चाचपून बघायची आपल्याला सवय. त्यात एक शब्द आहे : समुपदेशक 'नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी'. हा 'किंवा' म्हणजे उघडे फाटक आहे. याच फाटकातून आपल्याकडे सफाईचे कंत्राट आले, केटरिंगचे आले. उद्या शाळाही हेच करतील. महिन्यातून एकदा येणारा पाहुणा समुपदेशक दाखवतील, एकाच माणसाचे नाव दहा शाळांच्या कागदावर लावतील, कोणा खाजगी कंपनीचे मोबाइल अ‍ॅप विकत घेऊन 'सेवा घेतली' असे लिहून देतील. तपासणी झाली की फाइल तयार. मुलगा मात्र तिथेच.

म्हणून मागणी नेमकी हवी. सरकारी आणि अनुदानित शाळांत 'नेमावा' हाच अर्थ लागला पाहिजे.

फोन आहे, पण...

तिसरा मुद्दा असा की सरकारने टेलि-मानस चालू केले आहे, आणखी काय हवे? १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठी आणि कन्नडसह वीस भाषांत बोलता येते. ही चांगली सोय आहे आणि प्रत्येकाने हा नंबर पाठ करावा. पण कंट्रोल ऑफिसचा फोन चालू आहे म्हणून कोणी गाडी गार्डावाचून सोडत नाही. फोन करायला मुलाच्या हातात फोन हवा, एका खोलीच्या घरात बोलायला आडोसा हवा आणि आपल्याला मदत हवी आहे हे आधी कळायला हवे. बेळगावहून आलेले ते मूल फोन करणार नाही. त्याच्या गप्प होण्याकडे रोज बघणारे कोणीतरी शाळेत असले पाहिजे, त्या माणसाने घरी येऊन आईबापांशी बोलले पाहिजे, आणि गरज पडली तर चिठ्ठी देऊन त्याला कृष्णराजेंद्र हॉस्पिटलच्या ठरलेल्या खिडकीवर पाठवले पाहिजे. शाळा, घर आणि दवाखाना असा हा रूळ अखंड हवा. मध्ये एक तुकडा नसला तर गाडी जाणार कशी?

एक सावधगिरी

समुपदेशनाच्या नावाखाली अन्याय गिळायला शिकवण्याचा धंदाही होऊ शकतो, हे लक्षात ठेवा. मुलीला रस्त्यात छेडले जात असेल तर तिला 'मन शांत ठेव' सांगणे हा इलाज नाही, छेडणाऱ्याचा बंदोबस्त हा इलाज आहे. मुलाला जातीवरून, धर्मावरून किंवा भाषेवरून टोचले जात असेल तर दोष त्याच्या मनात शोधू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे बंद केले आहे, त्याची अंमलबजावणी हेसुद्धा मानसिक आरोग्याचेच काम. चांगला समुपदेशक मुलाचे ऐकतो आणि मुख्याध्यापकाला जाबही विचारतो. कायम नोकरीचे संरक्षण असेल तरच तो असा जाब विचारू शकेल. अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस कोणाला काय विचारणार?

तसेच आजाराचा शिक्का बसेल ही भीती सोडा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क त्याने दिला. जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरून त्याला शिक्षेऐवजी मदत द्यायची, असेही त्याने सांगितले. कायदा सुधारला. आता आपली कुजबुज सुधारायला हवी. 'वेड्याचा डॉक्टर' हा शब्द आपल्या लाइनीतून कायमचा बाद करा.

आपल्या घरात काय?

सरकारला जाब विचारणाऱ्याने घरही नीट ठेवावे. पोरगे एकाएकी गप्प झाले, झोप उडाली, मित्र तोडले, जेवण टाकले, 'मी नसतो तर बरे' असे काही बोलले, तर ते नाटक आहे असे समजू नका. दमदाटी करू नका, शेजाऱ्याच्या पोराशी तुलना करू नका. सरळ विचारा, "तुला त्रास होतोय का?" विचारल्याने विपरीत घडते ही खुळी समजूत आहे. एकटे सोडू नका, आणि त्याच दिवशी फोन करा किंवा हॉस्पिटलात न्या. दारूमुळे घर पेटत असेल तर उपचार बापापासून सुरू करावा लागेल. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून आणि ठाण्याची आय.पी.एच. संस्था १९९० पासून या कामात आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या सभासदांनी तिथला रस्ता धरावा.

आमच्या मागण्या

१. शंभरहून अधिक मुले असलेल्या प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत समुपदेशकाचे कायम पद मंजूर करून भरावे. कंत्राट, मानधन आणि अ‍ॅप चालणार नाही.

२. समुपदेशकाला वस्तीतली भाषा आली पाहिजे. मंडी मोहल्ल्यासारख्या बहुभाषी भागात लगतच्या दोन-तीन शाळांमिळून भाषा जाणणारे पथक असावे. बदलीच्या मुलांसाठी पहिले वर्षभर भाषेचा जादा वर्ग घ्यावा.

३. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील रिकामी पदे भरावीत आणि मुलांसाठी शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत ओ.पी.डी. चालवावी.

४. विभागीय रेल्वे हॉस्पिटलांत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मुलांसाठी समुपदेशक बसवावा. स्टाफ बेनिफिट फंडाच्या समितीत आपले प्रतिनिधी असतात, त्यांनी पुढच्याच बैठकीत हा विषय मांडावा.

५. मुलाच्या परीक्षेच्या किंवा आजाराच्या काळात बाल संगोपन रजा आज महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पुरुषांना मिळते. ती सर्व पित्यांना मिळावी. दहावी-बारावीच्या वर्षात पालकाची बदली करू नये.

६. प्रत्येक स्टेशनवर आणि प्रत्येक पोस्ट ऑफिसात १४४१६ हा नंबर स्थानिक भाषेत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत लावावा. मात्र त्याला समुपदेशकाचा पर्याय समजू नये.

शाखांनी आपापल्या भागातल्या शाळांची यादी करावी. किती मुले आहेत, समुपदेशक आहे की नाही, असला तर आठवड्यातून किती तास येतो, त्याला पगार कोण देतो, या चार प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन द्यावे. शिक्षकांच्या संघटनांना आणि मोहल्ल्यातल्या सर्व धर्मांच्या मंडळांना बरोबर घ्यावे. आकडे हातात असले की साहेबांना टाळाटाळ करता येत नाही, हे आपण पी.एन.एम.च्या टेबलावर अनेकदा पाहिले आहे.

आपण सिग्नल लाल दिसला की गाडी थांबवतो, कारण डब्यात माणसे आहेत. रोज अडतीस घरांत लाल सिग्नल पेटतो आहे. तो पाहूनही गाडी पुढे दामटणाऱ्या सरकारला जाब विचारणे आपले कर्तव्य आहे.

कामगारांच्या मुलांना आधार मिळालाच पाहिजे!
समुपदेशकाचे कायम पद झालेच पाहिजे!
कामगार एकजुटीचा विजय असो!